घाताचा घात

"हा बीम कोणत्या दुकानात मिळतो? मला घर बांधायचंय."

एसओएमच्या चाचणीत माझ्या उत्तराशेजारी सरांनी लाल पेनने हे लिहिलं होतं. नुसतं लिहून थांबले असते तर चाललं असतं, पण पेपर वाटताना मोठ्याने वाचूनही दाखवलं. नाव नाही सांगितलं, पण मागच्या बाकावर मी ज्या वेगाने बॅगेत डोकं घातलं त्यावरून सगळ्यांना कळलंच!

गणित साधं होतं. तीन मीटर लांबीचा बीम, दोन्ही टोकांना आधार, मधोमध १० किलोन्यूटन भार, म्हणजे ढोबळमानाने एक टन. डिफ्लेक्शन काढा. सूत्र पाठ होतं, आकडे बरोबर घातले होते, कॅल्क्युलेटरही नवा होता. उत्तर आलं १.४ × १०^(-१२) मीटर. एक टन वजन ठेवल्यावर माझा बीम लोखंडाच्या एका अणूच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी वाकत होता. मी उत्तराखाली दोन रेघा मारून, चौकट करून, पुढच्या प्रश्नाकडे वळले होते.

(पुढे जाण्याआधी एक खुलासा. आपल्या अंकाच्या टायपिंगमध्ये आकडा अक्षराच्या डोक्यावर चढवायचा म्हणजे डीटीपी करणाऱ्याचा अंत पाहणं. म्हणून कॅल्क्युलेटरवरची टोपी वापरते आहे. क्ष^३ म्हणजे क्षचा तिसरा घात. क्ष हा पाया, ३ हा घातांक. टोपीनंतर कंसात काही असेल तर तो अख्खा कंस वर चढलाय असं समजा.)

चूक कुठे झाली ते मला रात्री अकरापर्यंत सापडलं नाही. शेवटी माझ्या रूममेटने पेपर ओढून घेतला. ती परभणीकडची, दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेली. मी कॉन्व्हेंटची. पहिल्या सेमिस्टरला तिला 'एक्स्पोनंट' म्हणजे काय ते मी ऐटीत सांगितलं होतं. त्या रात्री हिशेब फिटला.

"मोमेंट ऑफ इनर्शिया मिमी^४ मध्ये दिलाय. तू मीटरमध्ये आणताना काय केलंस?"

"हजारने भागलं. मिलिमीटरचं मीटर करताना हजारनेच भागतात ना?"

"अगं येडे, मिमीचं मीटर करताना हजारने. इथे मिमीचा चौथा घात आहे. घाताचा घात घे की!"

'घाताचा घात' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मला तो नियम 'पॉवर ऑफ अ पॉवर' म्हणून पाठ होता, सातवीपासून. परीक्षेत क्ष दिसला की बरोबर वापरायचेही. पण क्षच्या जागी मिमी आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. १ मिमी म्हणजे १०^(-३) मीटर. म्हणून १ मिमी^४ म्हणजे (१०^(-३))^४, म्हणजे १०^(-१२) मीटर^४. मी १०^(-३) धरलं होतं. फरक १०^९ चा. एका टोपीच्या गडबडीत माझा बीम अब्जपट कडक झाला होता.

तर मित्रमैत्रिणींनो, विशेषतः एम-वनची केटी घेऊन दुसऱ्या वर्षात आलेल्या बांधवांनो, हा लेख त्या रात्रीचा आहे. घातांकांचे नियम आपल्या सगळ्यांना येतात असं आपल्या सगळ्यांना वाटतं. मीही त्यातलीच. त्या रात्री बाईसाहेबांनी मला वहीचं कोरं पान दिलं आणि म्हणाली, "नियम विसर. उकलून लिही."

उकलून लिहिणं म्हणजे असं. क्ष^३ म्हणजे क्ष × क्ष × क्ष. क्ष^२ म्हणजे क्ष × क्ष. दोघांचा गुणाकार केला तर एका रांगेत किती क्ष उभे राहिले? पाच. म्हणून क्ष^३ × क्ष^२ = क्ष^५. घातांकांची बेरीज करायची हा काही सरकारी जीआर नाही, तीन माणसांच्या रांगेला दोन माणसं जोडली की पाच होतात, एवढंच आहे ते.

आता (क्ष^३)^२. म्हणजे क्ष^३ × क्ष^३. तीन-तीनच्या दोन रांगा. सहा. म्हणून इथे घातांकांचा गुणाकार. निम्मी जनता इथेच गडबडते, कधी बेरीज आणि कधी गुणाकार हे आठवत बसते. आठवायचं कशाला? रांगा मोजा.

याच नियमांची नावं आपल्याकडे फार जुनी आहेत, हे मला नंतर ग्रंथालयात भारतीय गणिताच्या इतिहासावरचं पुस्तक चाळताना कळलं. आज आपण अक्षराच्या डोक्यावर आकडा लिहितो ती पद्धत रूढ झाली देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीच्या पुस्तकापासून. (गंमत म्हणजे वर्ग लिहायचा तर तो बऱ्याचदा अक्षरच दोनदा लिहायचा.) त्याआधी घातांना नावं असायची. भास्कराचार्यांचं बीजगणित ११५० च्या सुमाराचं. त्या परंपरेत अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत आणि थोडक्यात 'या' लिहीत. दुसरा घात वर्ग, तिसरा घन, चौथा वर्गवर्ग. इथपर्यंत ठीक. पाचव्याचं नाव वर्गघनघात आणि सहाव्याचं घनवर्ग!

ही दोन नावं नीट बघा. जुन्या गणितात 'घात' म्हणजे गुणाकार. (गुणाकाराला हनन, वध असेही शब्द होते. आपले पूर्वज आकड्यांचा गुणाकार करत होते की खून, कोण जाणे.) वर्गघनघात म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार, क्ष^२ × क्ष^३, म्हणून पाच. घनवर्ग म्हणजे घनाचा वर्ग, (क्ष^३)^२, म्हणून सहा. पहिल्यात 'घात' शब्द आहे म्हणून बेरीज, दुसऱ्यात नाही म्हणून गुणाकार. ज्या दोन नियमांत आपण आज गफलत करतो ते त्यांनी नावातच वेगळे करून ठेवले होते. सातव्या घाताचं नाव वर्गवर्गघनघात. ते कसं ते तुम्हीच फोडा. मला मेसच्या रांगेत उभं असताना सुटलं.

पुढे भागाकार. क्ष^५ ÷ क्ष^२, वर पाच, खाली दोन, दोन कापले गेले, तीन उरले. घातांकांची वजाबाकी. यात विशेष काही नाही. विशेष पुढे आहे. क्ष^३ ÷ क्ष^३ केलं तर नियमाप्रमाणे क्ष^० येतं, आणि साध्या बुद्धीने १ येतो, कारण कोणत्याही संख्येला तिनेच भागलं की १. (क्ष शून्य नसावा, नाहीतर भागाकारच करता येणार नाही.) म्हणजे क्ष^० = १ मानलं तरच नियम टिकतो. मला शाळेत याचा भयंकर राग यायचा. शून्य वेळा गुणलं तर शून्य यायला हवं ना? मी टीचरना विचारलं तेव्हा 'दॅट इज द रूल' असं उत्तर मिळालं होतं आणि मी खाली बसले होते.

रूममेटने हेच दुसऱ्या तऱ्हेने दाखवलं. तिने ओळीने लिहिलं: २^४ = १६, २^३ = ८, २^२ = ४, २^१ = २. "प्रत्येक पायरी उतरताना काय होतंय?" निम्मं होतंय. "मग अजून एक उतर." १. "अजून एक." १/२. "अजून." १/४. बस्स! २^(-१) = १/२, २^(-२) = १/४. ऋण घातांक म्हणजे ऋण संख्या नव्हे, हे एवढ्या जिन्यावरून कळतं. ऋण घातांकाचा अर्थ इतकाच की ती राशी अपूर्णांकाच्या रेषेच्या पलीकडे राहते. छेदातला य^(-३) अंशात आणला की य^३ होतो. घर बदललं की चिन्ह बदलतं.

आता एक दणकट उदाहरण घेऊ. हे एम-वनच्या पातळीचं नाही, पण मी माझ्या मजल्यावरच्या सहा जणींना दिलं आणि दोघींचंच बरोबर आलं. सरळ रूप द्या:

(२क्ष^३ य^(-२))^३ × (क्ष^(-१) य^४)^२ ÷ (४क्ष^५ य^(-३))

पहिला कंस. बाहेरचा ३ आतल्या प्रत्येकाला लागतो, त्या बिचाऱ्या २ लासुद्धा. सहापैकी तिघींनी २ तसाच ठेवला होता. २^३ = ८, क्षवर ९, यवर -६. म्हणजे ८क्ष^९ य^(-६). दुसरा कंस, क्ष^(-२) य^८. दोघांचा गुणाकार करताना क्षवर ९ - २ = ७, यवर -६ + ८ = २. म्हणजे ८क्ष^७ य^२. आता भागाकार. ८ ÷ ४ = २. इथे सावध राहा, सहगुणकांचा भागाकार करायचा, वजाबाकी नाही. वजाबाकी फक्त टोपीवरच्यांची. क्षवर ७ - ५ = २. यवर २ - (-३) = ५. एकीने इथे २ - ३ = -१ करून टाकलं होतं. उत्तर २क्ष^२ य^५.

बरोबर आहे का? मागच्या पानावर उत्तर बघायची गरज नाही, आकडे घालून बघा. क्ष = २, य = १ घेतलं तर पहिला कंस १६^३ = ४०९६, दुसरा १/४, गुणाकार १०२४. छेद ४ × ३२ = १२८. भागाकार ८. आणि आपल्या उत्तरात २ × ४ × १ = ८. जमलं! पण थांबा, य = १ घेतल्यावर यच्या घातांकात कितीही घोळ असला तरी तो पकडला जाणार नाही, कारण १ चा कोणताही घात १ च. म्हणून आता उलट, क्ष = १, य = २. पहिला कंस (२ × १/४)^३ = १/८, दुसरा १६^२ = २५६, गुणाकार ३२. छेद ४ × १/८ = १/२. भागाकार ६४. आपल्या उत्तरात २ × १ × ३२ = ६४. आता निर्धास्त झोपा. ही तपासणी एका मिनिटात होते आणि परीक्षेत आपण ती कधीही करत नाही. मी बीमच्या उत्तराला एकदा जरी 'हे किती झालं?' असं विचारलं असतं तर वर्गात बॅगेत डोकं घालायची वेळ आली नसती.

खरा शत्रू मात्र वेगळाच आहे. अधिकचं चिन्ह. वरचे सगळे नियम गुणाकार-भागाकाराच्या राज्यातले. बेरजेच्या राज्यात त्यांचा पासपोर्ट चालत नाही. क्ष^२ + क्ष^३ म्हणजे क्ष^५ नव्हे. क्ष = २ घाला: ४ + ८ = १२, आणि २^५ = ३२. (क्ष^३ + क्ष^२)/क्ष^२ यात वरचा-खालचा क्ष^२ कापून क्ष^३ लिहिणारे महाभाग मी आमच्याच बॅचमध्ये पाहिलेत. क्ष^२ ने वरच्या दोन्ही पदांना भागायचं, उत्तर क्ष + १.

आणि सगळ्यांचा लाडका गुन्हा म्हणजे क्ष^२ + य^२ चं वर्गमूळ क्ष + य. हे जर खरं असतं तर ३ आणि ४ च्या काटकोन त्रिकोणात कर्ण ७ आला असता. मग मला सांगा, होस्टेलमधून मेसला जाताना तुम्ही सगळे 'गवतावर चालू नये' ही पाटी ओलांडून तिरके का जाता? सात पावलांऐवजी पाच पडतात म्हणूनच ना? पायांना कळतं ते पेनला का कळू नये!

कंस हा आणखी एक छुपा मारेकरी. -३^२ म्हणजे किती? कागदावर ठरलेला अर्थ -९, कारण टोपी फक्त ३ ला आहे, वजा नंतर. (-३)^२ मात्र ९. पण एक्सेलमध्ये =-३^२ टाकून बघा, ९ येतो! तिथे वजा आधी लागतो. म्हणजे कॉम्प्युटर लॅबमध्ये एक उत्तर आणि जर्नलमध्ये दुसरं. ओरलला हे विचारतात का माहीत नाही, पण सबमिशनच्या आदल्या रात्री याने माझा एक तास खाल्लाय. तेव्हापासून मी कंसांच्या बाबतीत अजिबात कंजूसपणा करत नाही.

अपूर्णांक घातांकाबद्दल थोडंच. क्ष^(१/२) × क्ष^(१/२) = क्ष^१ व्हायचं असेल तर क्ष^(१/२) म्हणजे वर्गमूळच असायला हवं. क्ष^(१/३) म्हणजे घनमूळ. पुन्हा तीच युक्ती: पहिला नियम टिकवायचा आणि नवा अर्थ त्याला विचारून ठरवायचा. फक्त (क्ष^२)^(१/२) ला डोळे मिटून क्ष लिहू नका. क्ष = -५ असेल तर वर्ग २५ आणि वर्गमूळ ५. पाया धन असेल तोवर बिनधास्त. एम-वनमध्ये ऑयलरच्या प्रमेयासाठी डिग्री काढतो तेव्हा हेच करतो. (क्ष^३ + य^३) ÷ (क्ष^(१/२) + य^(१/२)) ची डिग्री ३ - १/२ = ५/२. क्षच्या जागी टक्ष आणि यच्या जागी टय घालून बघा, वरून ट^३ बाहेर येतो, खालून ट^(१/२). प्रमेय अवघड वाटतं, आत वजाबाकीच आहे.

असो. बीमकडे परत येते, कारण त्या रात्री साडेबाराला, मी उत्तर दुरुस्त केल्यावर (१.४ मिलिमीटर आलं, जे शोभतं), रूममेटने विचारलं, "आमच्या घराचे वासे उभे का बसवतात?"

म्हणजे लाकडाचा काप आयताकृती असतो, त्याची रुंद बाजू आडवी न ठेवता उभी ठेवतात. तिच्या आजोबांना हे कुणी एसओएम शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, काढून बघू. आयताचा मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे रुंदी × उंचीचा घन, भागिले १२. मोठी बाजू अ, छोटी ब. उभा ठेवला तर बअ^३/१२. आडवा ठेवला तर अब^३/१२. गुणोत्तर काढताना १२ ला १२ गेले. अवर ३ - १ = २, बवर १ - ३ = -२. उरलं अ^२ ब^(-२), म्हणजे (अ/ब)^२.

एवढंच! लांबी, भार, लाकडाची जात, सगळं कापलं गेलं. अ जर बच्या दुप्पट असेल तर उभा वासा आडव्यापेक्षा चौपट कमी वाकतो, त्याच लाकडात, त्याच खर्चात. मी टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली. रुंदी २५ मिमी, जाडी १ मिमी. पट्टी सपाट धरून टोक दाबलं तर लगेच वाकते. कडेवर उभी धरून दाबली तर हलत नाही. २५^२ म्हणजे ६२५ पट. रात्री पाऊण वाजता आम्ही दोघी पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून बघत होतो आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली.

पट्टी सगळ्यांकडे असते, करून बघा. आणि हे तीन घरी, म्हणजे होस्टेलवर, सोडवायला:

एक. (३अ^२ ब^(-१))^२ × (अब)^(-३) ला सरळ रूप द्या. (उत्तर ९अ ब^(-५) आलं पाहिजे. १८ किंवा ६ आलं असेल तर ३ कडे पुन्हा बघा.)

दोन. गोल दांड्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो आणि वजन दुसऱ्या घाताच्या. व्यास दुप्पट केला तर कडकपणा किती पट आणि वजन किती पट?

तीन. १ मीटर^३ मध्ये किती मिमी^३? तोंडी सांगा. हजार म्हणालात तर लेख पुन्हा पहिल्यापासून वाचा, किंवा आमच्या खोलीवर या. मी नसले तरी रूममेट असते, आणि ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते.